चिंचोक्याच्या रंगाची भिंत

प्रश्न : पुण्यात दुसऱ्या मजल्यावर आमची सदनिका आहे. दिवाणखाना 12 बाय 16 फुटांचा असून त्याला उत्तरेकडे एकच मोठी खिडकी आहे. गावचा वाडा उतरवला तेव्हा आणलेले सागवानी कपाट आणि झोपाळा याच खोलीत आहेत. यंदा एक भिंत गडद तपकिरी, थोडी ऊबदार छटा असलेली रंगवावी, असे माझ्या मनात आहे. परंतु सासूबाईंच्या मते खोली अंधारी होईल, आणि रंगाऱ्याचे म्हणणे असे की सागवानामागे तो रंग उठून दिसणार नाही. आम्ही काय करावे? (एक वाचक, पुणे)

उत्तर : दोघांच्याही शंका रास्त आहेत, तरीही आपण हा रंग अवश्य लावावा, असे माझे मत आहे. मात्र डबा निवडण्याआधी खोलीतल्या उजेडाचा विचार करायला हवा.

तपकिरी हा रंग मुळात मंद झालेला नारिंगी आहे. त्याच्या शेजारी अधिक उजळ काही असले, तरच डोळ्यांना तो तपकिरी म्हणून जाणवतो. म्हणून चारही भिंती गडद केल्या तर त्याची ऊब हरवते आणि खोली केवळ काळवंडलेली दिसते. पांढरी भिंत पडलेल्या उजेडाचा 80 टक्क्यांहून अधिक भाग परत फेकते, तर गडद तपकिरी भिंत जेमतेम 10 टक्के किंवा त्याहूनही कमी. सासूबाईंची भीती या आकड्यांत आहे. उरलेल्या तीन भिंती सायीच्या रंगाच्या आणि छत पांढरे ठेवले, तर ती बऱ्याच अंशी दूर होईल.

भिंत कोणती, हा प्रश्न मला छटेहून महत्त्वाचा वाटतो. खिडकीची भिंत गडद करू नका, कारण बाहेरच्या प्रकाशापुढे ती काळी दिसेल आणि डोळ्यांना त्रास होईल. खिडकीसमोरची भिंत उजेड खोलीत परत फेकते, म्हणून तीही फिकटच असावी. राहिल्या पूर्व आणि पश्चिम. आपली पश्चिमेची भिंत इमारतीच्या बाहेरच्या अंगाची असेल, तर पावसाळ्यात तिच्यावर झड बसते आणि ओल आत झिरपून लोणा फुटतो. फिकट भिंतीवर तो पांढरा थर चटकन लक्षात येत नाही, तपकिरीवर मात्र लांबूनही दिसतो. म्हणून आतल्या अंगाची, कोरडी भिंत निवडावी.

आता छटा. उत्तरेचा उजेड दिवसभर स्थिर, पण किंचित निळसर असतो. त्यात राखाडी किंवा हिरवट झाक असलेला तपकिरी मातकट दिसतो. सागवान पिवळसर असल्याने पिवळ्या अंगाचा तपकिरीही नको. तो घेतला तर रंगारी म्हणतो तसेच होईल आणि कपाट भिंतीत विरून जाईल. भिंत लाकडापेक्षा स्पष्टपणे गडद आणि तांबूस अंगाची हवी. भाजलेल्या चिंचोक्याचे साल आठवून पाहा; दुकानातल्या छटापत्रावर त्याच्या जवळचा रंग शोधावा. (तपकिरी हा शब्द तपकिरीच्या पुडीवरून आला, पण तो रंग आपल्या खोलीसाठी फार पिवळा पडेल.)

नमुना थेट भिंतीवर लावू नका. भोवतालच्या जुन्या पांढऱ्यामुळे छोटा ठिपका असतो त्याहून गडद भासतो. 2 बाय 2 फुटांच्या प्लायवुडच्या तुकड्यावर दोन हात द्यावेत, पूर्ण वाळू द्यावे, कारण इमल्शन वाळल्यावर थोडे गडद होते, आणि तो तुकडा कपाटाशेजारी चार दिवस उभा ठेवावा. सासूबाई दुपारी जिथे बसतात तिथून त्यांनाही तो पाहू द्या.

रात्रीचा विचार बहुतेक घरांत राहूनच जातो. आपल्याकडे दिवाणखान्यात सर्रास 6500 केल्व्हिनची (केल्व्हिन हे प्रकाशाच्या रंगछटेचे माप) पांढरीशुभ्र ट्यूब असते. तिच्या प्रकाशात हा रंग निस्तेज होतो. त्या भिंतीजवळ 2700 ते 3000 केल्व्हिनचे पिवळसर दिवे लावावेत. समई किंवा पितळी भांडी असतील तर याच भिंतीपुढे मांडा. पितळेची झळाळी इतकी खुलून दिसेल अशी दुसरी पार्श्वभूमी मला माहीत नाही.

रंगाऱ्याला पांढऱ्याऐवजी करड्या छटेचा प्राइमर लावायला सांगावे, म्हणजे रंग कमी हातांत भरून येतो. चमकदार फिनिश टाळावे, त्यात पुट्टीचे उंचसखलपण उघडे पडते. अगदी मॅटवर झोपाळ्याच्या कड्यांचे आणि हातांचे ओरखडे पांढरे उमटतात, म्हणून मंद तकाकीचे घ्यावे. पावसाळा सरून भिंती वाळल्यावर, दिवाळीच्या आधी काम करावे. उरलेला रंग घट्ट झाकणाच्या डब्यात, छटेचा क्रमांक लिहून जपून ठेवावा. नंतर डाग झाकायला तोच उपयोगी पडतो.