वाचकांचे प्रश्न : ग्रीक-लॅटिनची वाट

प्रश्न : रामटेकच्या कविकुलगुरू कालिदास संस्कृत विश्वविद्यालयातून मी संस्कृत विषयात एम.ए. केले आहे. प्राचीन ग्रीक व रोमन संस्कृतीवर अमेरिकेत पीएच.डी. करण्याची इच्छा आहे. मात्र ग्रीक किंवा लॅटिन मी शिकलेले नाही. या डिसेंबरमध्ये अर्ज करावा का?
— एक वाचक, धरमपेठ, नागपूर

उत्तर : या वर्षी अर्ज करू नये, असे मला मनापासून वाटते. तिथे या पीएच.डी.साठी एम.ए. सहसा बंधनकारक नसते. पण दोन्ही भाषांतील मूळ ग्रंथ वाचण्याची तयारी बहुतेक विभागांना प्रवेशापूर्वीच हवी असते. पुढे ठरावीक ग्रंथांवर भाषांतराची परीक्षा होते, शिवाय जर्मन आणि फ्रेंच किंवा इटालियनमधील संशोधन वाचता येते हेही सिद्ध करावे लागते.

तरीही तुमची पाटी कोरी नाही. ग्रीकमध्ये ‘मी देतो’ याला ‘दिदोमि’ म्हणतात. ते ‘ददामि’शेजारी लिहून पाहा : धातूच्या आरंभीचे द्वित्व तेच आणि शेवटचा ‘मि’ही तोच. ग्रीकमध्ये द्विवचन आहे, आत्मनेपदाशी नाते सांगणारी क्रियापदांची रूपेही आहेत; ती संस्कृत न शिकलेल्या विद्यार्थ्याला जेवढी छळतात तेवढी तुम्हाला छळणार नाहीत. म्हणून आरंभ ग्रीकपासून करा आणि वर्षभराने लॅटिन घ्या. टफ्ट्स विद्यापीठाच्या ‘पर्सियस’ या मोफत डिजिटल संग्रहात मूळ पाठातील शब्दावर क्लिक केले की त्याचे व्याकरण समोर येते. मात्र आधी रूप स्वतः ओळखावे, मगच क्लिक करावे.

पदवीनंतर या भाषांची तयारी करून घेणारे अभ्यासक्रम काही अमेरिकी विद्यापीठांत आहेत, पण त्यांचे शुल्क बहुधा स्वतः भरावे लागते. याउलट, अनेक नामांकित विद्यापीठांत पीएच.डी.ला शुल्कमाफी आणि विद्यावेतन मिळते.

विषय निवडताना आपल्या मातीकडेही पाहा. पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ या ग्रीक ग्रंथात भडोचपासून दक्षिणेस वीस दिवसांच्या वाटेवर पैठण, आणि तिथून पूर्वेस दहा दिवसांवर तगर, म्हणजे आपले तेर, सांगितले आहे. तगरहून जाडेभरडे कापड भडोचला जाई, असेही त्यात आहे. हा मजकूर मूळ ग्रीकमधून वाचून त्यावर एक निबंध लिहा, कारण अर्जासोबत लेखनाचा नमुना द्यावाच लागतो. शिफारसपत्र देणाऱ्या प्राध्यापकांना, तुम्ही कोणता संस्कृत ग्रंथ ओळ न् ओळ वाचला आहे, ते नावानिशी लिहिण्याची विनंती करा.