डॅलसमध्ये घर घेताना एजंट तुमचा स्वतःचा हवा

नमस्कार. नांदेडहून डॅलसला येण्याच्या तयारीत तुम्ही विचारले आहे की, विकणाऱ्याचा एजंटच 'दोन्ही बाजूंचे मी पाहतो' म्हणत असेल, तर आणखी एका एजंटाला पैसे का द्यायचे. मी मूळचा लातूरचा, अकरा वर्षांपासून डॅलसजवळच्या प्लानोत राहतो. येथे पहिले घर मी स्वतःच्या एजंटाशिवाय घेतले आणि दुसरे एजंट नेमून, त्यामुळे दोन्ही व्यवहारांतला फरक मला नीट कळला आहे.

आपल्याकडे मध्यस्थ दोन्हीकडून दलाली घेतो हे खरे, पण आपण सर्वस्वी त्याच्यावर विसंबून नसतो. सर्च रिपोर्टसाठी वकील असतो, सातबारा आणि फेरफार आपण स्वतः पाहतो, शेजारचे खरेदीखत कितीला झाले हे सूची क्रमांक दोनवरून काढता येते, आणि त्या जागेची मागची हकीकत सांगणारा एखादा जाणता माणूस ओळखीत निघतोच. येथे नवख्या माणसाला यातले काहीच हाताशी नसते. डॅलस ज्या राज्यात आहे त्या टेक्सासात तर विक्रीची किंमत सरकारी दप्तरी जाहीर करण्याची सक्तीच नाही. ती माहिती मुख्यतः एजंटांच्या सामायिक यादीत, म्हणजे एमएलएसमध्ये असते. विकणाऱ्याच्या एजंटाला ती दिसते, परंतु तिचा उपयोग विकणाऱ्याच्या हितासाठी करणे हे त्याचे कायदेशीर कर्तव्य आहे, आणि शाळा सुरू होण्याआधी आपल्याला घर हवेच आहे असे तुम्ही त्याच्याजवळ सहज बोललात, तर तेही विकणाऱ्याच्या कानावर जाते. दोन्ही पक्षांच्या लेखी संमतीने एकच ब्रोकर मध्ये राहू शकतो, पण मग त्याला तटस्थ राहावे लागते. किती किंमत सांगावी आणि कुठे अडून बसावे, हा सल्ला तुम्हाला नेमका तेव्हा त्याच्याकडून मिळत नाही.

माझे पहिले घर एका बिल्डरच्या विक्री कार्यालयातून घेतलेले होते. तेथील माणसे अदबीने वागली, मात्र जमिनीविषयी कोणी बोलले नाही आणि मीही विचारले नाही, याची मला आजही खंत वाटते, कारण मराठवाड्यातल्या माणसाला ते कळायला हवे होते. डॅलस, प्लानो, फ्रिस्को हा पट्टा आपल्यासारख्याच काळ्या मातीचा आहे. ती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. त्यासोबत घराखालचा काँक्रीटचा स्लॅब हलतो, दारे अडकू लागतात आणि भिंतींना तिरके तडे जातात. दुसऱ्या घराच्या वेळी माझ्या एजंटाने करारात ऑप्शन पीरियड मागून घेतला. थोडी फी भरून मिळणाऱ्या या ठरावीक दिवसांत खरेदीदार कोणत्याही कारणाने माघार घेऊ शकतो आणि त्याचा इसार परत मिळतो. त्या मुदतीत नेहमीच्या तपासनिसासोबत स्ट्रक्चरल इंजिनिअरही बोलवा, असे तिनेच सुचवले. एका कोपऱ्यातला स्लॅब खचलेला निघाला आणि दुरुस्तीचा खर्च विकणाऱ्याने सोसला. विकणाऱ्याच्या एजंटाने हा इंजिनिअर मला सुचवला नसता, आणि त्याचे ते कामही नव्हते.

आता पैशांचे. एका मोठ्या खटल्यातील तडजोडीनंतर, १७ ऑगस्ट २०२४ पासून, एमएलएस वापरणाऱ्या एजंटाला घर दाखवण्यापूर्वी खरेदीदाराशी लेखी करार करावा लागतो आणि त्यात मोबदला स्पष्ट लिहावा लागतो. हा मोबदला कायद्याने ठरलेला नसतो, त्यामुळे घासाघीस अवश्य करा. तो विकणाऱ्याने द्यावा अशी अट तुमच्या प्रस्तावात घालता येते, पण तो नाही म्हणाला तर रक्कम तुमच्यावर येते, हे आधीच हिशेबात धरा. करार प्रथम एखाद्या महिन्यापुरता किंवा एकाच घराच्या भेटीपुरता करावा, असे माझे मत आहे. टक्केवारीवर काम करणाऱ्या एजंटालाही व्यवहार लवकर उरकावा असे वाटू शकते. म्हणून गेल्या वर्षभरात त्याने किती खरेदीदारांना एखादे घर घेऊ नका असे सांगितले, हे विचारा आणि उत्तर नीट ऐका.

नवे बांधकाम पाहायला जाणार असाल, तर पहिल्याच भेटीला एजंटाला सोबत न्या आणि त्याचे नाव तेथे नोंदवा. तुम्ही आधी एकटे जाऊन वहीत नाव लिहून आलात, तर पुष्कळ बिल्डर नंतर तुमच्या एजंटाचा मोबदला द्यायला नकार देतात.