पास्त्यात तुळस चालेल का?

प्रश्न : मुलीने पास्त्यासाठी बेसिलचे रोप आणले आहे. ही इटलीची तुळस आहे, असे ती म्हणते. मग वृंदावनातील तुळशीची पाने चालणार नाहीत का? आणि बेसिल खरोखर गुणकारी आहे का? माझे सासरे रक्त पातळ ठेवणारी वॉरफॅरिनची गोळी घेतात, म्हणून विचारते.
— एक वाचक, सातारा

उत्तर : तुळस आणि बेसिल ही एकाच ऑसिमम प्रजातीतील असली, तरी त्यांच्या जाती वेगळ्या आहेत. बेसिलचे सख्खे नाते आहे ते सब्ज्याशी. फालुद्यात फुगवून घातले जाणारे काळे बी याच जातीचे असते. आपण बी खाल्ले, पानांकडे मात्र स्वयंपाकघरात फारसे लक्ष दिले नाही, एवढेच.

तुळशीच्या पानांत लवंगेतही असणारे युजेनॉल भरपूर असल्यामुळे पास्त्यात तिचा उग्रपणा वरचढ ठरतो. थायलंडमध्ये मात्र हीच तुळस लसूण-मिरचीबरोबर मोठ्या आचेवर परततात, आणि तिथे ती शोभते. बेसिलचा सौम्य, गोडसर वास शिजवताना उडून जातो, म्हणून पाने गॅस बंद केल्यावरच हाताने तोडून घालावीत. इटलीतील जिनोव्हाचा पेस्तो तर शिजवतच नाहीत : कोवळी पाने, लसूण, चिलगोज्यासारखे पाइन नट, मीठ, किसलेले चीज आणि ऑलिव्ह तेल संगमरवरी खलात घोटतात. पाइन नट महाग वाटले, तर काजू घ्यावेत. चव बदलेल, पण बिघडणार नाही. फ्रीजच्या गारठ्याने पाने काळी पडतात, त्यामुळे काड्या कोथिंबिरीच्या जुडीसारख्या पाण्याच्या पेल्यात उभ्या ठेवणे बरे.

गुणांविषयी बोलायचे, तर चार पानांकडून औषधाची अपेक्षा ठेवू नये. सब्ज्याच्या बियांत तंतू भरपूर असतात व बद्धकोष्ठात त्यांचा उपयोग होतो, मात्र त्या पुरेशा पाण्यात पूर्ण फुगवूनच घ्याव्यात; कोरड्या बिया घशात फुगून अडकू शकतात.

सासऱ्यांच्या बाबतीत मात्र सावध राहावे. ताज्या बेसिलच्या १०० ग्रॅम पानांत सुमारे ४१५ मायक्रोग्रॅम के जीवनसत्त्व असते, आणि वॉरफॅरिन नेमके त्याच जीवनसत्त्वाच्या कार्यात अडथळा आणून रक्त गोठू देत नाही. सजावटीच्या दोन पानांनी बिघडत नाही. पण आज वाटीभर पेस्तो आणि मग महिनाभर काहीच नाही, असा चढउतार झाला, तर गोळीचा मेळ बसत नाही. आहारात पेस्तो नियमित आणायचा असेल, तर आधी डॉक्टरांना सांगून आयएनआर, म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो हे पाहणाऱ्या तपासणीची वेळ ठरवून घ्यावी.