क्रॅम्पॉन कुठे, बूट कुठे आणि गॅसचं काय?

प्रश्न : आम्ही चौघं पुण्याहून दिल्लीमार्गे लेहला विमानाने जाऊन लडाखमधलं कांग यात्से-२ हे शिखर (६,२५० मीटर) करणार आहोत. आजवर सगळं ट्रेनने नेलं, त्यामुळे १५ किलोत कसं बसवायचं कळत नाहीये. आईस अ‍ॅक्स (बर्फातली कुऱ्हाड), क्रॅम्पॉन (बुटाखाली बांधायचे धातूचे काटे), स्टोव्हचा गॅस कशात टाकू?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : आधी गॅस डोक्यातून काढा. कॅनिस्टर, म्हणजे गॅसचा छोटा डबा, भरलेला असो, अर्धा असो, केबिनमध्येही चालत नाही आणि चेक-इनमध्येही नाही. लेहला उतरल्यावर घ्यायचा, फक्त तुमच्या बर्नरला स्क्रूवाला लागतो की दुसरा ते आधीच बघून ठेवा. बर्नर न्या पण धुऊन, वास मारत असेल तर काढून ठेवायला लावतात. लायटर, काडेपेटीसुद्धा तिकडेच घ्या.

आईस अ‍ॅक्स, क्रॅम्पॉन, ट्रेकिंग पोल, स्नो स्टेक (बर्फात ठोकायची खुंटी) असलं टोकदार सगळं चेक-इनमध्ये. हार्नेस (कमरेचा दोराचा पट्टा) आणि कॅराबिनर (दोर अडकवायची कडी) पण तिथेच टाका, सिक्युरिटीवाल्याला दोराने साथीदाराला सांभाळायचं, म्हणजे बिलेचं, शास्त्र समजावत बसू नका, मागे रांग असते. क्रॅम्पॉनची टोकं मात्र नीट झाका. मी एकदा नुसत्या टॉवेलात गुंडाळून टाकले होते आणि लेहला डफल उघडली तर आत कोंबडी कापल्यासारखी पिसं, डाऊन जॅकेटची बाही उभी फाटलेली. तेव्हापासून दर टोकावर बागेच्या जुन्या पाइपचा तुकडा खोचतो आणि वरून जीन्सचा कापलेला पाय चढवतो. अ‍ॅक्सलाही तेच. सॅकचे पट्टे विमानतळावरच्या सामानाच्या बेल्टमध्ये अडकून तुटतात म्हणून अख्खी सॅक खताच्या धुतलेल्या पोत्यात घालून तोंड शिवून टाका, दिसायला गबाळं दिसतं पण पट्टे शाबूत राहतात.

आता वजन. बऱ्याच देशांतर्गत विमानांत चेक-इन १५ आणि केबिन ७ किलो असतं, तुमच्या तिकिटावर काय लिहिलंय ते बघा. घरच्या काट्यावर आधी एकटे उभे राहा मग सॅक पाठीवर घेऊन, वजाबाकी करा. रोप आणि तंबूचं वजन चौघांत वाटा, एकाच्याच सॅकमध्ये कोंबलंत तर जादा वजनाचे पैसे तोच भरणार.

बूट मात्र पायातच घालून जा, दिल्लीच्या उकाड्यात लोक बघतील तर बघू देत. दोन-अडीच किलो तिथेच वाचतात, पण खरं कारण वेगळंय. माझी बॅग एकदा दिल्लीतच राहिली आणि दोन दिवसांनी लेहला आली. लेह ३,५०० मीटरवर, उंचीची सवय व्हायला पहिले दोन दिवस तसेही पडूनच राहायचं होतं म्हणून नुकसान झालं नाही. जॅकेट, स्लीपिंग बॅग, क्रॅम्पॉन भाड्याने मिळतं हो, पण तुमच्या पायाला सरावलेला बूट कुठून आणणार, भाड्याच्या बुटाने दुसऱ्याच दिवशी टाचा सोलवटतात. औषधं, एक जोडी मोजे, परमिटचे कागद आणि फोनही अंगाजवळच्या बॅगेतच ठेवा.

प्रश्न : पॉवर बँक आणि हेडलॅम्पचे जादा सेल? आणि मित्राचं सॅटेलाइट मेसेंजर नेऊ का?
– एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : पॉवर बँक आणि सुटे लिथियम सेल केबिनमध्येच, चेक-इनमध्ये अजिबात नाही. २०,००० एमएएचची ७४ वॅट-अवर भरते, १०० पर्यंत अडचण नसते. वर आकडा छापलेला असलेली घ्या, पुसट असेल तर वाद होतो. सॅटेलाइट मेसेंजर, म्हणजे रेंज नसते तिथून उपग्रहामार्फत मेसेज पाठवायचं यंत्र, मात्र मित्राकडेच राहू द्या. दूरसंचार खात्याच्या परवानगीशिवाय आपल्याकडे ते बेकायदेशीर आहे आणि विमानतळावर पकडलं तर शिखर सोडा, पोलीस ठाणं बघायला लागेल.

प्रश्न : आई गूळ-खोबरं दिल्याशिवाय ट्रेकला सोडत नाही, विमानात चालेल ना?
– एक वाचक, सातारा

उत्तर : गूळ बिनधास्त न्या. सुक्या खोबऱ्याच्या वाट्या चेक-इनमध्ये चालत नाहीत, तेलकट असल्याने पेट घेण्याचा धोका धरतात. आईला सांगा, यावेळी शेंगदाण्याची चिक्की.