प्राचीन लढायांच्या मिनिएचर खेळात (छोटे सैनिक पटावर मांडून खेळतात तो) टेकड्या-जंगलं कुणी मांडायची? मांडणाऱ्याचा फायदा होत नाही का?

डीबीए या नियमसंचात (पहिली आवृत्ती १९९०) बचाव करणारा मांडतो. दोघांनी फासा टाकायचा, त्यात आपापल्या सैन्याचा ठरलेला आक्रमकतेचा आकडा मिळवायचा. जास्त आला तो आक्रमक, दुसऱ्याने आपला मुलूख मांडायचा. डोंगराळ, जंगली, शेतीचा, कोरडा असा मुलखाचा प्रकार सैन्यानुसार ठरलेला असतो, त्यामुळे मनाला येईल ते ठेवता येत नाही.

फायदा होतो, आणि मला तो रास्त वाटतो. गौगामेलाच्या लढाईत (इ.स.पू. ३३१) अलेक्झांडरविरुद्ध इराणी सम्राट दारयुशने रथांसाठी मैदान सपाट करून घेतलं होतं. तरी हरला! शिवाय पटाची कोणती बाजू कुणाची हे मांडणीनंतर ठरतं, म्हणून सगळी जंगलं एका कोपऱ्यात रचून काही साधत नाही.

आम्ही इथे कोल्हापुरात, राजारामपुरीत, मित्राच्या घरी दोन फुटी चौरस पटावर खेळतो. टेकड्या थर्माकोलच्या, नदीला चप्पल लाइनीतून आणलेल्या चामड्याच्या कातरणी. जंगलाची झाडं मात्र चिकटवू नका. खाली कापडाचा तुकडा कापून हद्द दाखवा आणि झाडं सुटी ठेवा, म्हणजे पायदळ आत सरकवता येतं. ‘हा आत आहे की बाहेर’ यावरून आमचे निम्मे वाद व्हायचे, ते तिथेच थांबले.