दाढ काढू नका, आधी जबडा तपासून घ्या

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. डाव्या बाजूच्या खालच्या दाढेचं रूट कॅनल झालं, कॅप बसली आणि आठवड्याभरात डाव्या कानात बारीक शिट्टी सुरू झाली. कानाच्या डॉक्टरांनी पडदा पाहिला, ऐकण्याची तपासणी केली, सगळं ठीक आहे, सवय करून घ्या म्हणाले. दोन महिने धड झोप नाही, आणि आता ती दाढच काढून टाकायची असं तुमच्या मनात आहे. हात जोडून सांगतो, एवढ्यात काढू नका. काढलेली दाढ परत येत नाही, आणि शिट्टी दाढेतून येत नसेल तर ती तशीच राहील.

मी हा आवाज घेऊन ९ वर्षं जगतोय. नाशिकला सातपूरच्या कारखान्यात, प्रेस शॉपमध्ये (पत्रा दाबणाऱ्या मशीनच्या खात्यात) २२ वर्षं काढली, म्हणजे कान आधीच दुखावलेले. माझ्या ऑडिओग्राममध्ये, म्हणजे ऐकण्याच्या तपासणीच्या आलेखात, ४००० हर्ट्झजवळ (बारीक, उंच सुरांपाशी) खड्डा आहे. मशीनच्या गोंगाटात काम करणाऱ्यांच्या आलेखात तो बऱ्याचदा तिथेच असतो. त्यामुळे सगळे म्हणायचे, कारखान्याचा प्रसाद आहे. पण माझा उजव्या कानातला आवाज सकाळी उठल्यावर सर्वांत जास्त असायचा आणि दुपारपर्यंत उतरायचा. हे कारखान्याशी जुळत नव्हतं. शेवटी एका दंतवैद्य बाईंनी गालावर दोन बोटं ठेवून "दात दाबा" म्हटलं. स्नायू दगडासारखा वर आला. मग खालचा जबडा डावीकडे सरकवायला लावला, आणि शिट्टीचा सूर एकदम चढला. खुर्चीतच डोळे भरून आले माझे. तोवर हा आवाज मी कुणालाच दाखवू शकलो नव्हतो. घरी बायकोला विचारलं तर म्हणाली, "तुम्ही तर कित्येक वर्षं झोपेत दात खाताय."

जबड्याचा सांधा कानाच्या अगदी पुढ्यात असतो. करंगळी कानाच्या तोंडाशी ठेवून तोंड उघडा-मिटा, तो हलताना बोटाला लागेल. जबड्याच्या संवेदना नेणारी ट्रायजेमिनल नस मेंदूच्या खालच्या भागात शिरते, आणि कानातून आलेला संदेश जिथे पहिल्यांदा पोचतो त्या ठाण्याशी तिचे धागे जुळलेले असतात. म्हणून जबड्याचा ताण काही जणांना आवाजासारखा ऐकू येतो, किंवा असलेला आवाज त्याने वाढतो.

आज रात्री घर शांत झालं की एवढं करून बघा. दात पाच सेकंद दाबा आणि सोडा. खालचा जबडा पुढे काढा, मग डावीकडे, उजवीकडे. तळहात हनुवटीखाली धरून त्याविरुद्ध तोंड उघडा. मान दोन्ही बाजूंना वळवा. प्रत्येक वेळी शिट्टी वाढते, कमी होते की सूर बदलतो, ते कागदावर लिहा. नुसता बदल झाला म्हणून जबडाच दोषी, असं मात्र धरू नका. इतर कारणांनी आवाज येणाऱ्यांनाही असा बदल जाणवतो. सोबत सकाळी जबडा जड असणं, कानापुढे दाबल्यावर दुखणं, तोंड उघडताना कट्ट होणं, तीन बोटं उभी मावतील इतकं तोंड न उघडणं, यातलं काही असेल तर जबड्याकडे नीट बघायला हवं.

तुमच्या बाबतीत मला आधी कॅपची शंका येते. दातांच्या डॉक्टरांकडे चावून बघायचा रंगीत कागद असतो. कॅप केसभर जरी उंच असली तरी तिथे डाग गडद उमटतो. तेवढी जागा घासून घेणं हे पाच मिनिटांचं काम आहे. शिवाय रूट कॅनलला तोंड तासभर उघडं ठेवावं लागतं, खालच्या दाढेचं इंजेक्शन जबड्याच्या स्नायूजवळ जातं, त्यानेही स्नायू आखडतो. तो बहुतेकदा काही आठवड्यांत सुटतो. पण चांगले, स्वतःचे दात घासून "बाइट सेट" करू म्हणणाऱ्यांपासून सावध राहा. एका दवाखान्यात माझे दोन दात असे घासले. आवाज तसूभर कमी झाला नाही, आणि गार पाणी आजही त्या दातांना झोंबतं.

मला फरक पडला तो मापाच्या कडक नाइट गार्डने, म्हणजे झोपताना दातांवर चढवायच्या प्लास्टिकच्या साच्याने. पहिला आठवडा लाळ गळायची, दोनदा जाऊन तो बसवून घ्यावा लागला. दीड महिन्याने सकाळचा चढ गेला. शिट्टी गेली नाही, हे खरं सांगतो, पण ती माझ्या दिवसाच्या मागे पडली. दिवसा एकच नियम: ओठ मिटलेले, दात सुटे, जीभ टाळूला. मुंबई नाक्याच्या सिग्नलला थांबलो की मी दात एकमेकांवर आलेत का ते बघतो; जवळजवळ दर वेळी आलेले असतात. जानेवारीत पहाटे गाडीवर निघताना मफलर जबड्यावरून घ्या, थंडीने दात आपोआप आवळले जातात. दुखतंय तोवर कडक भाकरी, ऊस, चिवडा बंद. मिसळ खा, पाव रश्श्यात भिजवून. रात्री दहा मिनिटं कोमट शेक.

झोपताना खोली पूर्ण शांत ठेवू नका. पंखा किंवा मोबाइलवर पावसाचा आवाज लावा, शिट्टीपेक्षा किंचित कमी. पूर्ण बुडवायला गेलं तर तो बंद झाल्यावर शिट्टी जास्तच टोचते. दाढेसाठी वेदनाशामक गोळ्या अजून चालू असतील तर तेही डॉक्टरांना सांगा. काहींनी, विशेषतः ॲस्पिरिनच्या मोठ्या डोसने, कानात आवाज येतो.

आवाज नाडीच्या ठोक्यावर येत असेल, चक्कर येत असेल किंवा चेहरा एका बाजूने ओढला जात असेल तर माझं हे सगळं बाजूला ठेवून परत कानाच्या डॉक्टरांकडे जा. एका कानाने अचानक कमी ऐकू आलं तर त्याच दिवशी जा. त्यावरचं औषध लवकर सुरू झालं तरच उपयोग होण्याची शक्यता जास्त असते.

रात्रीचा कागद दातांच्या डॉक्टरांपुढे ठेवा, रंगीत कागदाची तपासणी आपणहून मागा. जबडा कुठल्या बाजूला नेल्यावर आवाज बदलला ते इथे लिहा, मी वाट बघतो.