बोलावलं होतं का? मिशनकार्याविषयी वाचकांचे प्रश्न

प्रश्न: आमच्या मंडळीतून (चर्चमधून) दरवर्षी पंधरा तरुण दहा दिवसांसाठी परदेशातल्या मिशनकेंद्रावर जातात. शाळा रंगवतात, मुलांचे खेळ घेतात. यंदा काहींनी खर्चावर बोट ठेवलं. हे थांबवावं का?

तिथल्या लोकांनी बोलावलं होतं का, हे आधी विचारा. तरुणपणी मीही अशा एका गटातून गेलो होतो. हॉल आम्ही मोठ्या उत्साहात रंगवला. निघताना तिथल्या पाळकांच्या (चर्चच्या धर्मगुरूंच्या) पत्नीने कोपऱ्यातला पोपडा नखाने उचलून दाखवला. आमच्या पांढऱ्याखाली निळा होता, निळ्याखाली पिवळा. दर वर्षीच्या पाहुण्यांचा एकेक थर! बाई हसत होत्या, आम्हाला मात्र कुठे तोंड लपवावं ते कळेना.

दहा दिवसांत काम होत नसतं, फार तर ओळख होते. तेव्हा ओळखीसाठीच जा. पंधराऐवजी तिघं जा, पण पाच वर्षं एकाच ठिकाणी. आणि त्यांच्यातल्या कुणाला तरी तुमच्या व्यासपीठावर उपदेशाला बोलवा. तिकिटाचे पैसे त्या बाजूनेही खर्च होऊ द्या की.

प्रश्न: परदेशातल्या सहा पाळकांचा पगार आमची मंडळी देते. आता निधी आटत चाललाय. काय करावं?

जॉन नेव्हिअस हे अमेरिकन मिशनरी चीनच्या शांतुंग प्रांतात काम करत. नव्या विश्वासणाऱ्यांतला हुशार माणूस हेरायचा आणि परदेशी पैशावर प्रचारक नेमायचा, ही तेव्हाची रीत. नेव्हिअसना त्यातली खोट दिसली. माणूस आपल्या धंद्यातून आणि शेजारातून उठतो, आणि लोक म्हणतात, हा पगारासाठी बोलतोय. १८९० मध्ये ते कोरियात गेले आणि तिथल्या नवख्या मिशनऱ्यांना त्यांनी वेगळी वाट सांगितली. विश्वासणाऱ्याने आपला धंदा सोडू नये, मंडळीने आपल्या ऐपतीचं प्रार्थनामंदिर बांधावं, पेलवेल तेवढेच सेवक ठेवावेत आणि सगळ्यांनी नेटाने शास्त्राभ्यास करावा.

१९१३ मध्ये कोरियाच्या प्रेस्बिटेरियन (एका प्रोटेस्टंट पंथाच्या) मंडळीने स्वतःचे तीन मिशनरी चीनमध्ये पाठवले. कुठे? त्याच शांतुंगमध्ये. याचं सगळं श्रेय एका पद्धतीला देता येणार नाही. कोरियावर राज्य जपानचं होतं, त्यामुळे पाश्चात्त्य मिशनरी तिथे राज्यकर्त्यांचा माणूस ठरला नाही, हेही मोठं कारण.

म्हणून काय, उद्याच पगार बंद करू नका. सवय तुम्ही लावलीत. मोडताना सहा घरांच्या चुली विझता कामा नयेत. खरे आकडे घेऊन त्यांच्यासोबत बसा आणि चार-पाच वर्षांत रक्कम कशी कमी करायची ते त्यांनाच ठरवू द्या. कुणी जोडधंदा करू म्हटलं, तर त्यात कमीपणा नाही. करिंथ शहरात प्रेषित पौलही तंबू शिवत होता.

प्रश्न: सगळीकडे स्थानिक ख्रिस्ती लोक असताना परदेशी मिशनरी हवेतच कशाला?

हेच केनियातल्या प्रेस्बिटेरियन मंडळीचे पुढारी जॉन गाटू यांनी १९७१ मध्ये रोखठोक विचारलं होतं. निदान पाच वर्षं मिशनरी मागे घ्या, आम्हाला आमच्या पायांवर उभं राहू द्या, असं त्यांचं म्हणणं. पुढे १९७४ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या लोझानला भरलेल्या जागतिक सुवार्ताप्रसार परिषदेत अमेरिकन मिशन-अभ्यासक राल्फ विंटर यांनी दुसरी बाजू मांडली: ज्या समाजात त्याच भाषेतला, त्याच रीतीभातीतला एकही विश्वासणारा शेजारी नाही, तिथे कुणीतरी सीमा ओलांडूनच जावं लागेल. माझ्या मते दोघांचंही बरोबर. फक्त हा ‘कुणीतरी’ पश्चिमेचाच असावा, असं कुठे आहे?

माझी अडचण वेगळीच आहे. १९१० मध्ये स्कॉटलंडमधल्या एडिंबरोला भरलेल्या जागतिक मिशन परिषदेला जगभरातून सुमारे १२०० प्रतिनिधी जमले होते. आशियातले वीससुद्धा नव्हते. त्यांतल्या भारतीय पाळक व्ही. एस. अझरियांनी भर सभेत सांगितलं, की तुम्ही त्याग खूप केलात, आता आम्हाला मित्र द्या. आजही बैठकीत पैसे देणारा बोलतो आणि ज्याच्या गावात काम चाललंय तो टिपणं घेतो. जायचंच असेल, तर तिथल्या मंडळीच्या हाताखाली काम करायची तयारी ठेवून जा.

प्रश्न: धान्य किंवा औषधं वाटण्याआधी प्रार्थनासभेला बसण्याची अट घालावी का?

नाही. भुकेल्याला अट घालून ऐकवलेली सुवार्ता त्याला अटीसारखीच ऐकू येते.

प्रश्न: मला दुसऱ्या देशात दीर्घकाळ सेवा करायची आहे. तयारी कुठून करू?

भाषेपासून. पहिली दोन वर्षं उपदेश करायचा नाही, असंच धरून चाला. मोबाइलवरचं भाषांतर रस्ता विचारायला पुरतं, मयताच्या घरी बसायला पुरत नाही. तिथल्या एखाद्या आजीकडे रोज तासभर बसा आणि तिने चूक सुधारली की वहीत लिहा. वर्षभराने तिच्या विनोदावर इतरांबरोबर हसता आलं, तर पुढचं बघू.